हप्ता कुणाच्या नावाचा?

हप्ता पडला की आमच्या तालुक्याच्या गावात ते सगळ्यात आधी बँकेच्या पायऱ्यांवर कळतं. एरवी दहापर्यंत रिकाम्या असणाऱ्या त्या पायऱ्यांवर सकाळी आठलाच चपला दिसू लागतात. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्ड पदराच्या गाठीत नाहीतर सदऱ्याच्या खिशात, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, ‘‘तुमचा आला का?’’ ज्याचा आला तो मोठ्याने सांगतो. ज्याचा नाही आला तो गुपचूप शेजारच्या ऑनलाइनवाल्याच्या दुकानाकडे वळतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात त्या दुकानात मी माझ्या फुफीला घेऊन चार वेळा गेले. फुफीचं वय अडुसष्ट. फुफांचा इंतकाल होऊन चार वर्षं झाली. मागे आठ एकर कोरडवाहू जमीन, दोन मुलगे, एक मुलगी. मुलगी शेजारच्या तालुक्यात दिलेली. घरात भांडण असं काही नाही, पण फुफांच्या माघारी ‘किसानचे पैसे’ बंद झाले होते आणि ते का बंद झाले हे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. थोरला म्हणायचा, सरकारने बंद केले. धाकटा म्हणायचा, आपल्या लोकांचे मुद्दाम अडकवतात. फुफी काहीच म्हणायची नाही.

दुकानदार पोरगा चांगला होता. त्याने फुफांचा नोंदणी क्रमांक टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. तीन ओळी होत्या. ई-केवायसी : नाही. जमिनीची नोंद जोडलेली : नाही. आधार बँकेला जोडलेलं : होय. ‘‘बघा,’’ तो म्हणाला, ‘‘सरकारच्या कागदावर फुफा अजून जिवंत आहेत. फक्त अंगठा लावायला येत नाहीत.’’

आम्ही तिघंही हसलो आणि मग फुफीने पदर तोंडाला लावला.

पंतप्रधान किसान सन्मान निधी ही योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, चार-चार महिन्यांनी २,००० चा एक हप्ता, थेट खात्यात. सुरुवातीला ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठीच होती, त्याच वर्षी जूनमध्ये ती मर्यादा काढली. राज्य सरकारने २०२३ मध्ये त्यावर आपले ६,००० घातले, तो ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’. त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीहून सुटला. म्हणजे आज महाराष्ट्रातल्या पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाचे १२,००० मिळतात.

मोठी रक्कम नाही. २०१९ ला जे ६,००० होते ते आजही ६,०००च आहेत, मधल्या काळात मजुरी कुठल्या कुठे गेली. २,००० च्या हप्त्यात डीएपीची एक गोणी १,३५० ची, युरियाच्या दोन गोण्या, आणि घरी यायला ऑटोचं भाडं. पण पेरणीच्या तोंडावर दुकानदाराकडे उधारी मागायला जाण्यापेक्षा गोणी रोखीने उचलता येणं याची किंमत ज्याने उधारीची वही पाहिली आहे त्यालाच कळेल. शिवाय ज्या घरात बाईच्या हातात रोख पैसा कधी येतच नाही, तिथे तिच्या स्वतःच्या खात्यात पडलेले २,००० म्हणजे खताच्या गोणीपलीकडचंही काही असतं.

म्हणूनच हे पैसे कुणाच्या नावावर येतात हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. हे पैसे नांगराच्या मागे जात नाहीत, कागदाच्या मागे जातात. सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो शेतकरी. ज्याचं नाव नाही त्याने जन्मभर त्या मातीत हाड झिजवलं असलं तरी सरकारच्या हिशोबात तो शेतकरी नाही. आणि सातबाऱ्यावर कुणाचं नाव असावं हे बरंचसं सरकार ठरवत नाही, आपण घरात बसून ठरवतो.

मयताच्या खात्यातले सहा हजार

फुफांचा इंतकाल जून २०२१ मधला. त्यानंतर त्यांच्या खात्यात तीन हप्ते आले : ऑगस्टचा, जानेवारीचा आणि मे अखेरचा. थोरल्याकडे एटीएम कार्ड होतं, पिन त्याला ठाऊक होता. त्याने पैसे काढले, बियाण्याला लावले. चोरी केली असं त्याच्या मनातही नव्हतं. अब्बांचे पैसे, अब्बांचंच शेत. पुढे ई-केवायसी सक्तीची झाली, जमिनीची नोंद आधारशी जोडणं सक्तीचं झालं, आणि हप्ता थांबला. मेलेल्या माणसाचा अंगठा कुठून आणणार?

हे पैसे परत करावे लागतात हे दुकानात त्या पोराने सांगितलं तेव्हा थोरल्याचा चेहरा उतरला. लाभार्थी वारला की त्याचा हप्ता तिथेच संपतो. पुढचा हक्क वारसाचा, पण वारसाने आपलं नाव लावून, स्वतःची नोंदणी करून तो घ्यायचा असतो. अपात्र असताना पैसे घेतलेल्यांना, विशेषतः आयकर भरणाऱ्यांना, आपल्या राज्यात तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा गेल्याच होत्या. पोर्टलवर पैसे परत करायची सोयही आहे.

फुफीने मात्र नोटिशीची वाट पाहिली नाही. दुकानातून घरी येईपर्यंत ती गप्प होती. घरी आल्यावर वजू करून नमाज पढली आणि मग थोरल्याला म्हणाली, ‘‘तुझ्या अब्बाच्या नावावर कर्ज राहू द्यायचं नाही.’’ त्याने सहा हजार भरले. घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

मला वाटतं, अशी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. मयताचं कार्ड कपाटात आहे, हप्ता येतोय, चाललंय. ज्यांच्या घरात असं आहे त्यांनी मृत्यू दाखला घेऊन एकदा जाऊन यावं. उशीर झाला तर रक्कम वाढत जाते, बाकी काही होत नाही.

आता मूळ प्रश्न, वारसाचा. जमीनधारक वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, वारस नोंदीची खबर द्यायची असा महसूल कायद्याचा नियम आहे. मृत्यू दाखला, वारसांची नावं आणि पत्ते, आणि त्याबद्दलचं स्वघोषणापत्र. तलाठी वारस नोंदवहीत नोंद घेतो, फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. ऐकायला इतकं सोपं आहे. तरी गावागावात आजोबांच्या नावावरचे सातबारे तसेच पडून आहेत, नातवाची मुलं शाळेत जायला लागली तरी. सरकारलाही ते माहीत आहे, म्हणून २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढावी लागली. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात सुरुवात झाली, मग राज्यभर. मयतांची नावं काढून वारसांची लावायची. आमचं काम त्याच लाटेत झालं.

झालं, पण सरळ नाही झालं.

थोरल्याने जो अर्ज लिहून आणला होता त्यात दोनच नावं होती. त्याचं आणि धाकट्याचं. मी विचारलं, फुफी कुठे? तो म्हणाला, ‘‘अम्मीचं नाव कशाला? अम्मी आमच्याकडेच आहे ना?’’ आणि आपा? ‘‘आपाचं लग्नात केलं की सगळं. ती हक्कसोड देते म्हणालीय.’’

हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय, सांगता येणार नाही. आपल्या घरांत आणि हिंदू घरांतही. शब्द बदलतात, चाल तीच. बहिणीने भावाकडून माहेरची चोळी-बांगडी घ्यायची, ईदला यायचं, आणि रजिस्ट्री ऑफिसात एक सही करून जायचं. सही केली नाही तर माहेर तुटतं, आणि केली तर जमीन जाते. बहुतेक जणी माहेर निवडतात.

इथे मला थोडं थांबून हिशोब मांडायचा आहे, कारण आपण ‘शरीअतप्रमाणे वाटणी’ असं तोंडाने फार म्हणतो. सूरह अन-निसामध्ये वाटे ठरवून दिले आहेत. मुलं असतील तर विधवेचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक. फुफांच्या आठ एकरांत फुफीचा एक एकर. राहिले सात एकर, म्हणजे २८० गुंठे. त्याचे पाच वाटे. मुलीला ५६ गुंठे, म्हणजे एक एकर सोळा गुंठे. प्रत्येक मुलाला दोन एकर बत्तीस गुंठे. फुफांच्या अम्मी-अब्बांपैकी कुणी हयात असते तर त्यांचाही वाटा आला असता, ते नाहीत.

१९३७ च्या शरीअत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, हे खरं. गावातल्या हुशार मंडळींना एवढं एकच कलम पाठ असतं, आणि तेही बहिणीला वाटा द्यायची वेळ आली की आठवतं. पण त्या कायद्यातून शेतजमीन वगळली म्हणून मुलीचा हक्क आपोआप बुडतो असं कुठेही लिहिलेलं नाही. वारस नोंद होताना मुलगी वारस म्हणून सांगावीच लागते. तिचं नाव लपवून दिलेलं स्वघोषणापत्र खोटं ठरतं. आणि ज्याला दीनचा हुकूम पाळायचा आहे त्याला तो पाळण्यापासून कुठल्या कायद्याने अडवलंय?

मी हे सगळं थोरल्याला सांगितलं नाही. तो माझ्याहून मोठा आहे आणि उपदेश ऐकून घेणारा नाही. मी त्याला हप्त्याचा हिशोब सांगितला. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं. सज्ञान भावांची कुटुंबं वेगळी, विधवा आईचं कुटुंब वेगळं. एकाच सातबाऱ्यावर चार नावं असतील तर चार पात्र कुटुंबांना स्वतंत्रपणे पूर्ण रक्कम. एकराच्या हिशोबाने वाटणी होत नाही. योजनेसाठी जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीची नावावर असावी लागते, त्यानंतर विकत घेतलेली किंवा बक्षीसपत्राने आलेली चालत नाही, पण मृत्यूमुळे वारसाने आलेली चालते. म्हणजे अम्मीचं नाव लावल्याने तुझा एक रुपया कमी होत नाही, उलट घरात वर्षाला बारा हजार जास्त येतात.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘आणि आपाला?’’

आपाला मिळणार नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या नावावर जमीन आहे, त्याला हप्ता चालू आहे, आणि एका कुटुंबात एकच. म्हणजे हिशोबाच्या जोरावर मी अम्मीपर्यंत पोचू शकले, बहिणीपर्यंत नाही. तिच्यासाठी दुसरं काहीतरी लागणार होतं.

ते फुफीने केलं. तिने लेकीला फोन लावला आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘तुला जमीन नको असं तू खरंच म्हणालीस का, की तुला विचारलंच कुणी नाही?’’ पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग आपा रडत म्हणाली की भावाचं मन मोडायला नको म्हणून हो म्हटलं होतं. अर्जावर चार नावं लिहिली गेली. थोरल्याला आवडलं नाही, आजही पूर्ण आवडलेलं नाही. त्या बकरी ईदला आपा माहेरी आली नाही. त्यानंतर मात्र आली.

शेख आधी की शेवटी?

नावं लिहिली तरी ती जुळली पाहिजेत. इथे आपल्या लोकांची एक वेगळीच गंमत आहे.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. दफ्तर उर्दूत. त्या नोंदी पुढे मराठीत आल्या आणि प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे नाव लिहिलं. सातबाऱ्यावर आपली नावं ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी, म्हणजे शेख आधी, मग स्वतःचं नाव, मग पुन्हा शेख आणि बापाचं. आधारवर तोच माणूस ‘अमुक तमुक शेख’. बँकेत इंग्रजी आद्याक्षरं. बायकांचं तर विचारूच नका. सातबाऱ्यावर नावापुढे ‘बी’ आणि ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, मग नवऱ्याचं नाव. आधारवर ‘बेगम’. शाळेच्या दाखल्यावर ‘खातून’, आणि माहेरचं आडनाव पठाण असेल तर रेशन कार्डावर आणखी तिसरंच. चारही कागदांवरची बाई एकच आहे हे मोहल्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, संगणकाला नसतं.

आता शेतकरी ओळख क्रमांक काढावा लागतो. त्यात आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव किती टक्के जुळतं ते यंत्र दाखवतं. नाही जुळलं की प्रकरण मंजुरीला तलाठ्याकडे जातं. तलाठी भला असेल तर एका दिवसात, नाहीतर ‘साहेब मीटिंगला गेलेत.’ जमिनीची नोंद महसूलवाल्यांकडे, योजनेची नोंदणी कृषीवाल्यांकडे. एका खिडकीवर सांगतात हे आमचं नाही, दुसऱ्या खिडकीवरही तेच सांगतात. मला एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात आणि पुन्हा पहिल्यात, असं एकाच दिवसात तीनदा पाठवलं गेलं. ‘मुद्दाम अडकवतात’ हे धाकट्याचं म्हणणं त्या दिवशी मलाही पटायला लागलं होतं. पण रांगेत माझ्या पुढे उभे असलेले जाधवकाकाही त्याच फेऱ्यात होते. सातबाऱ्यावर ‘रामा’, आधारवर ‘रामराव’.

लेखनातली चूक असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. दुसरा मार्ग, आधारवरचं नाव बदलायचं. माझ्या मते दोन्हींपैकी जो कागद जास्त ठिकाणी लागतो तो धरून बाकीचे त्याला जुळवावेत, आणि घरातल्या लहान मुलांची नावं तरी जन्म दाखल्यापासून एकाच धाटणीत लिहावीत. शेख आधी लिहा नाहीतर शेवटी लिहा, पण सगळीकडे तिथेच लिहा.

अंगठ्याचं वेगळंच. तुरीचा फड, कापसाची वेचणी आणि धुणीभांडी यांत फुफीच्या बोटांवरच्या रेषा उरलेल्या नाहीत. यंत्र सात वेळा ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणालं. सातव्यांदा तिने बोट लुगड्याला पुसलं आणि म्हणाली, ‘‘घिस गया बेटा, पूरा घिस गया.’’ मग त्या पोराने मोबाइलवर चेहरा दाखवून केवायसी केली. ही सोय २०२३ पासून आहे, पण पुष्कळ ठिकाणी सांगत नाहीत. मोबाइल नंबर आधारला जोडलेला असेल तर ओटीपीनेही होते.

आणि एक चूक आमच्या शेजारणीची. तिचा हप्ता ‘जमा’ दाखवत होता आणि पासबुकात नव्हता. दोन महिने ती रडली. पैसा हरवला नव्हता, दुसऱ्या खात्यात बसला होता. लाडक्या बहिणीसाठी तिने पोस्टाच्या बँकेत नवीन खातं उघडलं, आधार तिथे जोडलं गेलं, आणि असा पैसा आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं असेल तिथे जातो, जुनं पासबुक कितीही जपलं असलं तरी.

लाडक्या बहिणीचा विषय निघालाच तर तेही सांगते, कारण अर्धवट हिशोब सांगणं बरं नाही. २१ ते ६५ वयाच्या ज्या बाईला किसान आणि नमो दोन्ही मिळून महिन्याला हजार पडतात, तिला लाडकी बहीणचे १,५०० नाही, फरकाचे ५०० मिळतात. म्हणजे तिच्या हातात वर्षाला १८,०००च, शेतकरी झाली काय आणि न झाली काय. फुफी पासष्टीच्या पुढची, तिला तो प्रश्न नव्हता. म्हणून ‘मग नाव लावून फायदा काय?’ असं मला दोघीतिघींनी विचारलं. योजना येतात आणि जातात, पीकविम्याचा एक रुपया आला आणि गेला. सातबाऱ्यावरचं नाव कुणी निवडणुकीनंतर काढून घेत नाही. नवरा हयात असताना त्याच्या संमतीने बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोयही आहे. १९९२ चा शासन निर्णय आहे, ‘लक्ष्मी मुक्ती’ म्हणतात, त्यामागे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची चळवळ होती. योजनेचं नाव लक्ष्मी असलं तरी ती सगळ्यांसाठी आहे. आपल्यातल्या किती जणींनी तिचा अर्ज केला असेल? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत बायका जेमतेम १४ टक्के होत्या. खुरपणीला शेतात गेलं की मात्र पुरुष शोधावा लागतो.

बांधापलीकडचा

फुफीच्या शेताला लागून सहा एकर आहेत. मालक छत्रपती संभाजीनगरला नोकरीला, शेत बारा वर्षं एक चाचा बटईने करतात. नांगरट त्यांची, बियाणं निम्मं त्यांचं, राखण त्यांची. हप्ता मालकाला. अतिवृष्टीची मदत आली तीही मालकाला, कारण सातबारा त्याचा. मालक वाईट माणूस नाही, ईदीला पाचशे रुपये देतो. पण कागद करून द्या म्हटलं की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. कूळ कायद्याची भीती. त्या कायद्याने कसणारी कुळं मालक झाली, ती आठवण गावात अजून ताजी आहे. ज्या कायद्याने आजोबांच्या काळात कसणाऱ्याला जमीन दिली त्याच्याच धाकाने आज नातवाच्या काळात कसणाऱ्याला साधी चिठ्ठी मिळत नाही. दर्ग्याच्या इनामी जमिनी कसणारी आपली घरं अशीच कोरडी राहतात. जमीन संस्थेच्या नावाची असली की ती योजनेबाहेर.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेत मंदी होती. कापसाचा भाव पडला म्हणून १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने शेतकऱ्यांना उभा कापूस नांगरून टाकण्याचे पैसे दिले, सुमारे एक कोटी एकरांवरचा. करार केला तो जमीनमालकांशी. आर्कान्सा राज्यात पॉइन्सेट नावाची काऊंटी आहे, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखं एकक. तिथला कापूस पिकवायचे बटईदार, काळेही आणि गोरेही. कराराप्रमाणे पैशाचा वाटा बटईदाराला द्यायचा होता. अनेक मालकांनी तो दिला नाही. उलट लागवड कमी झाली तर माणसंही कमी लागतील म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं खोपटातून बाहेर काढली. जुलै १९३४ मध्ये त्याच काऊंटीतल्या टायरोन्झा गावाजवळ अठरा बटईदार जमले, अकरा गोरे आणि सात काळे, आणि त्यांनी दक्षिणेतली बटईदारांची संघटना काढली. ज्या मुलखात काळा आणि गोरा एका बाकावर बसत नव्हता तिथे. पुढच्या वर्षी त्याच शेती खात्यातल्या काही वकिलांनी मत दिलं की पैसे घेणाऱ्या मालकाने आपले बटईदार ठेवलेच पाहिजेत. सरकारने त्या वकिलांनाच घरी पाठवलं.

आपल्या देशात बटईदाराला धरता येतच नाही असंही नाही. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेत बटईदार आणि भूमिहीनही होते. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये मालकी हक्काला धक्का न लावता कसणाऱ्याला कार्ड देणारा कायदा केला आणि तिथल्या रयतू भरोसात अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग आणि अल्पसंख्याक बटईदारांना पैसे दिले. संसदेच्या कृषी समितीनेही डिसेंबर २०२४ मध्ये किसान निधी १२,००० करा आणि बटईदार, शेतमजुरांचाही विचार करा असं सुचवलं. सुचवून आता बरेच दिवस झाले.

चाचांना मी यातलं काही सांगितलं तेव्हा ते बांधावर बसून विडी ओढत होते. म्हणाले, ‘‘बेटा, आंध्र किती लांब पडतं इथून?’’

फुफीचा पहिला हप्ता नोव्हेंबरमध्ये आला. मागचं काही मिळालं नाही. बँकेच्या पायऱ्यांवर ती सकाळी साडेसातलाच जाऊन बसली होती, नवीन चप्पल घालून. दोन हजार मोजून घेतले, त्यातले पाचशे बाजूला काढून पदरात वेगळी गाठ मारली. कशाला ते तिने सांगितलं नाही, पण रब्बीच्या पेरणीला चाचांच्या घरी ज्वारीचं बियाणं कमी पडलं होतं हे तिला माहीत होतं.

त्याच दिवशी नवीन सातबारा काढला. चार नावं आहेत, एकाखाली एक. आपाचं नाव शेवटी, आणि त्यात ‘ख’चा ‘क’ झाला आहे. आता कलम १५५ चा अर्ज लिहायला घेतलाय. या वेळी थोरला म्हणाला, आण इकडे, मी देऊन येतो तहसीलला.